वेंगुर्ला रोड संपतो तिथं: बेळगावातून रेडी-शिरोड्याला चार दिवस राहायला जाताना

आमचं घर बेळगावात वेंगुर्ला रोडला. शाळेच्या वहीपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत पत्त्यात हेच नाव लिहीत आलो, पण हा रस्ता हिंडलग्याच्या जेलपाशी संपतो असाच माझा लहानपणी समज होता. वेंगुर्ला हे खरंच एक गाव आहे, तिथं समुद्र आहे आणि आपल्या दारावरून जाणारा रस्ता त्या समुद्रात जाऊन थांबतो, हे डोक्यात शिरायला तिशी उलटावी लागली. एके काळी हे बेळगावचंच बंदर होतं. घाटावरचा कापूस बैलगाड्यांतून आंबोली उतरून वेंगुर्ल्याला जायचा आणि तिथून गलबतांवर चढायचा. १८८०च्या दशकात मोरमुगाव बंदरापर्यंत रेल्वे झाली, माल तिकडे वळला आणि वेंगुर्ला मागं पडलं. रस्त्याचं नाव तेवढं राहिलं.

आपल्याकडे समुद्र म्हटलं की गोवा. पहाटे चारला उठायचं, चोर्ला उतरायचा, कळंगुटला पाय भिजवायचे, दुपारी कुठंतरी महागाचं ताट खायचं आणि रात्री अकराला वाळूने भरलेल्या गाडीतून घरी. हेही एकदा करून बघावं, नाही असं नाही. पण हा लेख ज्यांना एका जागी राहायचंय त्यांच्यासाठी आहे. चार दिवस, एक गाव, एक कौलारू घर. पहिल्यांदाच जाणार असाल तर पुढचं सगळं वाचा. एकदा जाऊन आला असाल तर घर ठरवण्याचा आणि भरतीचा भाग तेवढा वाचला तरी चालेल.

गाव कुठलं घ्यायचं

मी रेडी-शिरोडा सांगतो. दोन्ही गावं वेंगुर्ला तालुक्यात, एकमेकांपासून सहा-सात किलोमीटरवर. मालवण सुंदर आहे, पण सुट्टीत तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही. वेंगुर्ला शहर सोयीचं आहे, फक्त ते शहर आहे. रेडीत किल्ला आहे, खाडी आहे, जुनं बंदर आहे, माडाच्या बागा आहेत आणि संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नसतं. शिरोड्यात बाजारपेठ, बँका, औषधांची दुकानं आणि सरकारी रुग्णालय आहे. म्हाताऱ्या आई-वडिलांना किंवा तान्ह्या बाळाला घेऊन जाणार असाल तर शिरोड्यात उतरा. नुसतं नवरा-बायको किंवा मित्रमंडळी असाल तर रेडी.

कधी जायचं

इथं आपण सीमाभागातले लोक नशीबवान आहोत. कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची सुट्टी असते तेव्हा मुंबई-पुण्याच्या शाळा चालू असतात. तसंच उन्हाळ्यात आपली सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागते आणि चाकरमानी गावी येतात मे महिन्यात. मधले ते दिवस आपले. एप्रिलच्या मध्याला ओले काजू अजून मिळत असतात, हापूस उतरायला लागलेला असतो आणि किनाऱ्यावर तुम्ही आणि चार कुत्री.

टाळायचं काय? नाताळ ते नवीन वर्ष, कारण भाव दुप्पट आणि शांतता शून्य. गणपतीचे दिवस, कारण तेव्हा घरमालकाचेच मुंबईचे भाऊबंद खोल्यांत झोपलेले असतात. आणि पावसाळा, निदान पहिल्या खेपेला. जून-जुलैत समुद्रात उतरता येत नाही, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, आणि आंबोलीत धुकं असं की पुढच्या गाडीचा लाल दिवा हाच रस्ता. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. तुमच्या तारखांना आसपास जत्रा असेल तर रात्रीचा दशावतार सोडू नका. बसायला चादर आणि अंगावर घ्यायला शाल न्या, कारण नाटक सुरूच मध्यरात्रीकडे होतं.

आणखी एक, हे बाहेरच्यांना कळणार नाही. १ नोव्हेंबर (कर्नाटकाचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन), बेळगावातल्या विधिमंडळ अधिवेशनाचे डिसेंबरमधले दिवस, किंवा कुठं बसला काळं फासल्याची बातमी आली की आंतरराज्य एसटी थांबते. दोन्हीकडची. एसटीनं जाणार असाल तर या तारखा सोडूनच बेत आखा.

घर ठरवणं

इथं घाई करू नका. सगळी सुट्टी याच्यावर असते.

पहिल्या वेळी मी काय केलं ते सांगतो. मोबाईलवर फोटो बघितले. लाल जांभ्याचं घर, पुढं वाळू, मागं माड. फोनवर माणूस गोड बोलला, ‘समुद्र अगदी पुढ्यात’ म्हणाला. अर्धे पैसे लगेच पाठवून मोकळा झालो. पोचलो तेव्हा घर तेच होतं, फोटोतलंच, पण समुद्र पावणेतीन किलोमीटरवर. वाळू होती ती शेजारच्या बांधकामाची. मालकाला म्हटलं, अहो, समुद्र? तर म्हणाला, ‘रात्री शांत झाल्यावर आवाज येतो की.’ आवाज येत होता, हे कबूल करायला हवं. तीन दिवस आई पायऱ्यांवर बसून तो आवाज ऐकत होती.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. आधी फोन, मग व्हिडिओ कॉल. व्हिडिओ कॉलवर मालकाला घराच्या दारातून निघून समुद्रापर्यंत चालत जायला सांगायचं, मोबाईल हातात धरूनच. जो जातो त्याचं घर जवळ असतं. जो म्हणतो ‘आता जरा कामात आहे, नंतर करतो’ त्याचा नंबर पुसून टाकायचा. मग नकाशावरची खूण मागून घ्यायची आणि तिथल्या चार जुन्या गिऱ्हाइकांचं म्हणणं वाचायचं. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंद आहे का, हेही विचारा. नोंद असली म्हणजे घर चांगलंच असेल असं नाही, पण निदान माणूस जाग्यावर सापडतो.

विचारायचे प्रश्न मी एका कागदावर लिहून ठेवलेत. संडास खोलीला लागून आहे की मागच्या अंगणात? कमोड आहे का? (आईचे गुडघे.) वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो की फक्त दिवा? विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये खारं होतं का? जेवण घरचं की बाहेरून? सोमवारी, गुरुवारी मासे शिजतात का? गाडी अंगणात येते की पाणंदीच्या तोंडाशी ठेवावी लागते? शेवटचा प्रश्न एसी आहे का हा. तो मी शेवटी ठेवतो, कारण कौलारू घराला ऑक्टोबर-फेब्रुवारीत त्याची गरज पडत नाही. मे महिन्यात मात्र हट्ट धरा. घाटावरच्या माणसाला तो घाम सोसत नाही.

आगाऊ रक्कम एका रात्रीच्या भाड्याएवढीच द्या, त्याहून जास्त नाही, आणि दिल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर तारखा, माणसं, खोल्या, जेवणाचा दर असं सगळं एकदा लिहून ‘बरोबर ना?’ विचारून ठेवा. पुढं वादाला जागा राहत नाही.

जुनं घर की नवं कॉटेज? माझं मत जुन्या घराकडे आहे, पण डोळे उघडे ठेवून. जांभ्याची दीड हात जाडीची भिंत, वर मंगलोरी कौलं, शेणाने नाहीतर लाल कोब्याने केलेली जमीन, पुढं पडवी आणि अंगणात तुळस. अशा घरात दुपारी झोप लागते तशी कुठं लागत नाही. खानापूरकडच्या लोकांना हे घर परकं वाटणारच नाही, कौलं तर त्यांच्या गावाने पिढ्यान् पिढ्या भाजलीत. पण जुन्या घरात पाली असतात, रात्री कौलांवर काहीतरी पळतं, आणि स्वयंपाकघरात बोललेलं खोलीत ऐकू येतं. नवीन लग्न झालेल्यांनी विचार करावा.

वाट

बेळगावहून सुळगा, बाची, आणि बाची ओलांडली की शिनोळी. पाट्या कन्नडच्या मराठी होतात, तेवढ्यावरून राज्य बदललं ते समजायचं. माणसं, शेतं, काजूची झाडं तीच. मग पाटणे फाटा, चंदगडच्या बाजूनं आंबोली, घाट उतरला की दाणोली, सावंतवाडी, आणि तिथून मळेवाड-आजगाववरून शिरोडा. एकूण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. गाडीनं चहा-नाष्ट्यासह चार तास धरा. निपाणी-संकेश्वरकडून येणाऱ्यांनी गडहिंग्लज-आजरा करून आंबोली गाठावी, संकेश्वर-बांदा महामार्ग तोच आहे. तिलारी घाट जवळचा म्हणून कुणीतरी सुचवेल. उतार फार तीव्र आहे, वळणं अरुंद. घाटात हात बसलेला नसेल तर जाऊ नका.

आंबोलीत अर्धा तास थांबा, पण धबधब्यापाशी नव्हे. हिरण्यकेशीच्या उगमाला जा. महादेवाचं देऊळ आहे, मागं गुहा, आणि त्या गुहेतून निघालेलं गार पाणी पायाखालून वाहत असतं. हेच पाणी आजरा, गडहिंग्लज करत आपल्या संकेश्वरला येतं आणि पुढं घटप्रभेला मिळतं. म्हणजे घाट उतरणाऱ्या तुम्ही आणि घाटावर जाणाऱ्या नदीनं एकमेकांना एवढंच भेटायचं असतं. माझ्या धाकट्याने तिथं तळवा भरून पाणी प्यायलं आणि विचारलं, ‘हे प्यालं की संकेश्वरला कमी पडंल काय?’

घाट उतरताना पोरांना उलट्या होतात. निघायच्या आधी पोटभर खायला घालू नका, आवळा सुपारी खिशात ठेवा, आणि प्लास्टिकची पिशवी डिकीत नको, हाताशी असू द्या.

एसटीनं जायचं तर बेळगाव बसस्थानकातून सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणकडे दोन्ही राज्यांच्या गाड्या जातात. वेळा आदल्या दिवशी स्थानकावरच्या चौकशीला विचारून घ्या, मोबाईलवर दिसणारं वेळापत्रक नेहमी खरं नसतं. सावंतवाडीला उतरून शिरोड्याची गाडी धरायची. आपल्या बायकांसाठी सूचना: कर्नाटकाच्या शक्ती योजनेचं फुकट तिकीट आंतरराज्य गाडीला चालत नाही. आधार कार्ड दाखवून वाद घालणाऱ्या एक मावशी मी पाहिल्यात, शेवटी पैसे मोजावे लागलेच.

स्वतःची गाडी असेल तर इन्शुरन्स आणि पीयूसी मुदतीत आहे का बघून निघा. केए बावीसची, म्हणजे बेळगावच्या नंबरची पाटी बघून थांबवतात, असं आपण म्हणतो. थांबवतात खरं. कागद पूर्ण असले की सोडतात.

काय न्यायचं

चार कपडे कमी न्या, एक टॉवेल जास्त न्या. टॉर्च, डासांचं मलम, पायात घालायला रबरी चप्पल (चामड्याची खाऱ्या पाण्यात सडते), रोजची औषधं, आणि रोख पैसे, कारण फोनपे आहे सगळीकडे पण रेंज सगळीकडे नाही. आणि घरच्या माणसांसाठी पावशेर कुंदा. हा कुंदा मी कधीच चुकवत नाही. त्याच्या बदल्यात मला आजवर आंब्याची पेटी, कोकमं, शहाळी आणि एकदा आख्खा फणस मिळालाय.

पोचल्यावर

आपण लॉजवर आलो नाही, कुणाच्या तरी घरी आलोय, हे पहिल्या तासात लक्षात ठेवलं की पुढं सगळं सोपं जातं. चपला पडवीच्या खाली काढा. देवघरासमोरून जाताना बूट नको. घरातल्या बाईंना ‘वैनी’ म्हणा, वयस्कर असतील तर ‘काकी’, गड्यांना ‘भाऊ’ किंवा ‘मामा’. ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून हाक मारणाऱ्याला चहा उशिरा मिळतो.

भाषेचा प्रश्न नाही, गंमत आहे. आपली बेळगावी मराठी ऐकून तेही हसतात. मी ‘जेवलासा काय?’ विचारलं की वैनी ‘काय सांगतत ता आयक’ म्हणून लेकीकडे बघतात. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘आज नुस्तां नाय गावला.’ आमची ही विचारते, ‘नुस्तं काय?’ त्या म्हणतात, ‘नुस्तां गे, नुस्तां!’ हे असं दोन मिनिटं चाललं. नुस्तां म्हणजे मासे, गावला म्हणजे मिळाला. मासे मिळाले नव्हते, एवढंच होतं. त्या दिवशी काजूची उसळ खाल्ली आणि मासे न मिळाल्याबद्दल मनातल्या मनात आभार मानले.

जेवण सकाळीच सांगून ठेवा, किती माणसं, काय हवं ते. ऐन वेळी ‘दोघं वाढले’ असं करू नका, तिथं गॅसवर नाही, माणसांवर स्वयंपाक चालतो. नाष्ट्याला ब्रेड-आम्लेट मागायचं नाही. घावणे, आंबोळी, उकड्या तांदळाची पेज, जे घरात होतं ते मागा. तिखट आपल्यापेक्षा वेगळं असतं. आपल्याकडे मिरचीचा जाळ, तिकडे खोबऱ्याचं वाटण आणि बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं. तिरफळ चावायचं नसतं, बाजूला काढायचं. एकदा चावलंत की जीभ अर्धा तास मुंग्या आल्यासारखी बधिर. मग सोलकढी.

समुद्रात उतरायच्या आधी

आपण तळ्या-नदीत पोहलेले लोक. मार्कंडेय नदीत नाहीतर विहिरीत शिकलेलं पोहणं समुद्रात कामाला येत नाही, हे आधी मान्य करा. किनाऱ्याला सरळ लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत, गढूळ आणि आत सरकणारा दिसतो. नवख्याला वाटतं, इथं लाटा नाहीत, बरं आहे. तीच ओढीची जागा. तिथं पाणी किनाऱ्याकडून आत जात असतं. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका, किनाऱ्याला समांतर आडवं सरका, ओढ अरुंद असते, संपते. आणि सगळ्यात सोपा नियम: रोज उतरणाऱ्या गावकऱ्याला विचारा आणि तो ‘हय नको’ म्हणाला की नको.

भरती-ओहोटीचा एक जुना हिशेब आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा, तिला पाऊणने गुणा, आली पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, बाराला, ओहोटी. तासभर इकडेतिकडे होतं, मोबाईलवर नेमकी वेळ मिळते, पण तिथी बघायची मजा वेगळी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त वर येतं आणि जास्त आत जातं. शिंपल्या वेचायला, खडकांत खेकडे बघायला तीच ओहोटी उत्तम. फक्त खडकावर गेलात तर पाणी कुठल्या बाजूनं भरतंय याच्याकडे पाठ करू नका.

पहाटे सहाला उठून किनाऱ्यावर जा. रापण चालू असेल तर बाकीचा दिवस कमी पडला तरी चालेल. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकून गेलेली असते आणि जाळ्याची दोन टोकं वाळूवर दोन टोळ्यांच्या हातात. त्यातल्या एका दोराला मी हात लावला. नुसतं बघत उभं राहण्यापेक्षा कुणीतरी ‘ओढ रे’ म्हटलं म्हणून. दोर ओला, खरखरीत, आणि वाटतो त्याहून जड. दोन पावलं मागं, थांबा, पुन्हा दोन पावलं मागं. सगळ्यांचं पाऊल एकदम पडलं पाहिजे, मी नेहमी अर्ध्या पावलानं चुकायचो आणि पुढच्या म्हाताऱ्याच्या टाचेवर जायचो. तो वळून बघायचा, बोलायचा नाही. तासाभरानं तळहात सोलून निघाले. जाळ्याचा पोटा वर आला तेव्हा आधी आवाज आला, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. हजारभर शेपट्या एकाच वेळी वाळू झोडत होत्या. तारले, पेडवे, मधे चार बांगडे, एक रागावलेला खेकडा. मला ओंजळभर पेडवे वाट्याला आले. वैनींनी त्यांची आमटी केली आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलं, ‘ह्यांनी आणल्यानी.’

हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर टॉर्च मारत, गाणी लावत फिरू नका. या तालुक्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वायंगणीला तर गावकरी घरटी राखतात. उजेडानं कासविणी अंडी न घालताच परत जातात.

बघायचं किती

रोज एक ठिकाण, तेही सकाळी नाहीतर चारनंतर. दुपार झोपेची.

रेडीचा यशवंतगड खाडीच्या तोंडावर आहे. सावंतवाडीकर सावंत आणि पोर्तुगीज यांच्यात तो हातोहात फिरला. जांभ्याच्या भिंतींत वडा-पिंपळाची मुळं अशी घुसलीत की आता भिंतीनं झाडाला धरलंय की झाडानं भिंतीला ते सांगता येत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, सकाळी जा.

रेडीचा गणपती १९७६ मध्ये लोहखनिजाच्या खाणीच्या आवारात सापडला. एका ट्रकचालकाला स्वप्न पडलं आणि खणल्यावर मूर्ती निघाली, असं गावात सांगतात. मूर्ती दोन हातांची, चांगली उंच. गर्दी नसताना गेलात तर निवांत बसता येतं.

तेरेखोलचा किल्ला रेडीहून गाडीनं पंधरा मिनिटांवर, पण तो गोव्यात आहे. नदीच्या पलीकडे गोवा आणि नदीच्या अलीकडचा हा तुकडाही गोव्याचा. आपल्या सीमावासीयांना हे समजावून सांगावं लागत नाही. सावंतांनी बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आत संत अँथनीचं चर्च आहे. १९५४ मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी इथं तिरंगा फडकवला होता. तटावरून समोर केरीचा किनारा दिसतो आणि फेरीबोट ये-जा करत असते. एवढंच सांगतो, तिथल्या दुकानातली बाटली डिकीत घालून परत महाराष्ट्रात येऊ नका. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, आणि घाटाखाली गाड्या तपासतात.

शिरोड्यात दोन गोष्टी. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथल्या शाळेत शिकवत होते, त्यांचं स्मृतिसंग्रहालय आहे. आणि मिठागरं. मे १९३० मध्ये इथं मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच्या महिनाभर आधी आपल्या कर्नाटकातल्या लोकांनी अंकोल्याला मीठ उचललं होतं. बेळगावचं १९२४ चं काँग्रेस अधिवेशन आपल्या तोंडी असतं, शिरोडा कुणाच्या नसतं. उन्हाळ्यात गेलात तर बांध घातलेल्या चौकोनांतून भरतीचं पाणी घेतलेलं दिसतं, उन्हानं ते आटत जातं आणि वर साय धरावी तसा पांढरा पापुद्रा येतो. बांधावरून चाला, चौकोनात पाय घालू नका. तिथं माणसाचं पीक उभं असतं.

आरवलीचा वेतोबा शिरोड्याला लागूनच. नवसाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा देतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून वहाणा झिजतात, असं मानतात. देवळात रचून ठेवलेल्या त्या वहाणा मुलांना आधी दाखवा, मग गोष्ट सांगा.

वेंगुर्ला वीसेक किलोमीटर. सतराव्या शतकातल्या डच वखारीचे पडके अवशेष आहेत, मासळी बाजार आहे, आणि बंदरावर जेटी. मी एकदा जेटीच्या टोकावर जाऊन उभा राहिलो. मागं वळून बघितलं तर रस्ता दिसत होता. म्हटलं, हाच तो, आपल्या दारावरून येणारा.

निघताना

मासे घरी न्यायचे तर शेवटच्या दिवशी सकाळी घ्या, डोळा फुगीर आणि कल्ला लालभडक असेल तोच. साफ करूनच घ्या, थर्माकोलच्या खोक्यात खाली बर्फ, मधे मासे, वर बर्फ, आणि झाकणाला चिकटपट्टी चारी बाजूंनी. एसटीत नेणार असाल तर खोकं पिशवीत आणि पिशवी पायाशी. आमचं खोकं एकदा पाटणे फाट्याजवळ गळलं आणि कंडक्टरनं बेळगावपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. त्यापेक्षा सुके बांगडे, आमसुलं आणि काजू न्या, ते बिचारे गळत नाहीत.

हिशेब आदल्या रात्री करा, सकाळी घाईत नको. आणि दुपारी दोनच्या आत निघा. आंबोलीत संध्याकाळी धुकं उतरतं, ऑक्टोबरातसुद्धा. शिनोळी ओलांडून बाचीत आलात की मोबाईलला ‘कर्नाटकात स्वागत’ असा मेसेज येईल, त्याच सुमाराला आई मागच्या सीटवरून विचारील, ‘वैनींचा नंबर घेतलास न्हवं?’ घेऊन ठेवा.